रेडिओ आणि माठ

आमच्या घरात रेडिओ यायच्या आधी त्याचं भांडण आलं. भांडणारे दोघे, माझे बाबा आणि माझा मामा. ज्याच्यावरून भांडण तो रेडिओ अजून वाशीमच्या दुकानातच होता. बाजारात तुरी म्हणतात, ती गत.

बाबा अनसिंगच्या शाळेत गुरुजी होते, आमच्या वस्तीतले पहिले पगारदार. मामा मालेगावला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे ज्याला ज्याला तार असते त्या सगळ्यातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं ती. आमच्या गल्लीत नुकतीच वीज आली होती आणि घरात एकुलता एक दिवा होता, तोही आम्ही पोरं सारखा लावायचो नि विझवायचो म्हणून बाबांनी बटण उंचावर बसवून घेतलं होतं.

"भाऊजी, ट्रान्झिस्टर घ्या," मामा म्हणायचा. "सेलवर चालते. खांद्याले अटकवला का वावरात न्या, बाजारात न्या."

"मले वावरात न्यायचा नाई," बाबा म्हणायचे. "मले घर भरायचं हाये."

त्यांना हवा होता लाकडी पेटीचा मोठा रेडिओ, आत काचेचे व्हॉल्व्ह तापून मग हळूहळू बोलायला लागणारा. पाच व्हॉल्व्हचा की सहा, बँड किती, स्पीकर केवढा, हे सगळं त्यांनी शाळेच्या एका जुन्या वहीत टिपून ठेवलं होतं. गावात ज्यांच्याकडे रेडिओ होते त्या प्रत्येकाकडे जाऊन ते डोळे मिटून ऐकून आले. डोळे मिटल्याशिवाय कान उघडत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. वर्गात कवितासुद्धा ते पोरांना डोळे मिटूनच ऐकायला लावायचे. एका मोठ्या घरच्या ओसरीवर त्यांना कोणी बसा म्हणालं नाही. तिथं ते उभ्यानं ऐकून आले आणि वहीत लिहिलं, "आवाज चांगला, पण खरखर."

एवढा खटाटोप आईसाठी होता. माझ्या धाकट्या भावाच्या जन्माआधी आई जात्यावर गायची. तिचा गळा असा होता की बाबा दाढीचा साबण गालावर वाळेपर्यंत आरसा धरून बसून राहायचे. भाऊ झाला आणि आईला मोठा ताप आला. तीन आठवडे ती अंथरुणात होती. उठली, कामाला लागली, पण गाणं काही परत आलं नाही. जातं नुसतंच घरघरायचं.

बाबांनी आपल्या मनाशी त्याचं कारण ठरवून टाकलं होतं. घर सुनं आहे, घरात सूर नाही, मग हिच्या तोंडात तो येणार कुठून? मी नऊ वर्षांची होते. मला एकटीला बाजूला घेऊन ते म्हणाले, "रेडिओ येऊ दे. तुही माय गाते का नाई पाय." हे सांगताना त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखा होता. मला तेव्हा त्यांची फार माया आली, आणि तशीच ती आजही येते.

आता आईबद्दल सांगते. आमच्या नात्यात आईची ख्याती मोठी होती. सासू-सासरे बोलले तरी उलटून बोलत नाही, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालत नाही, विचारलं तर पदराआडून मान हलवते. "सून असावी तं अशी," असं आजी अख्ख्या गावाला सांगायची, आणि आपापल्या सुनांना ऐकू जाईल अशा आवाजात बायका ते पुन्हा सांगायच्या. विहारात वंदनेला आईचे ओठ सगळ्यांच्या अर्धी ओळ मागं हलायचे. लाजते, असं सगळे म्हणायचे. मामा जेवायला बसला आणि "पुरे, बाई, पुरे" म्हणाला की आई त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकायची. भावाची माया, असं सगळे म्हणायचे. मामा बिचारा मालेगावच्या एसटीत पोट धरून बसायचा. आणि आम्हा पोरांना काही हवं असलं की आम्ही हाक मारत नसू, जाऊन आईचा पदर ओढायचो. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

एका रविवारी बाबा, आई आणि मी वाशीमला गेलो. मामाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. दुकान मोठं होतं, फळीवर रेडिओ ओळीनं मांडलेले. बाबांनी वही काढली आणि दुकानदाराची उलटतपासणी सुरू केली. तो एकेक रेडिओ लावायचा, बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मग आईकडे वळायचे, "कसा हाये?"

"बरा हाये," आई म्हणायची.

दुसरा लावला. "बरा हाये." तिसरा. "हाही बराच हाये."

"सारेच बरे कसे राहतीन?" बाबा वैतागले. "नीट आयक. डोये मिट आन् आयक."

आईनं आज्ञाधारकपणे डोळे मिटले. चौथ्या रेडिओवर एक बाई संथ काहीतरी गात होती. आई मान डोलवायला लागली, सावकाश, मोठी दर्दी असल्यागत. बाबांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. बघ, लागली रंगायला! दुकानदारानंही संधी साधली आणि आवाज वाढवला.

तेवढ्यात लाईट गेली. डोक्यावरचा पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला, बाहेरून सायकलच्या घंटीचा आवाज आत आला. आई मान डोलवतच होती.

मला हसू आलं. खरंच सांगते, मी खुदकन हसले, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. दुकानदारानं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. बाबा मात्र आईकडे पाहत राहिले. ती तशीच, डोळे मिटलेले, ओठांवर जरासं हसू, मान तालात. बाबांनी एका बोटानं तिच्या खांद्याला स्पर्श केला. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "हाच घ्या. आवाज लय गोड हाये."

बाबा दुकानदाराला म्हणाले, "येतो मंग," आणि आम्ही बाहेर पडलो.

रस्त्यानं बाबा मुद्दाम मागं राहिले आणि त्यांनी आईला नावानं हाक मारली. बाबांनी आईला रस्त्यात नावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आई पुढं चालत राहिली. मग ते पुढं गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"कवापासून?"

तिला लगेच कळलं. "तापानंतर. पयले एक कान गेला, मंग दुसराही."

"आन् काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "सारे म्हणत, सून गुणाची, बोलत नाई. म्या म्हटलं, चालते तं चालू द्या. तुमचं मले समजते. तुमी शायेतल्यावानी सपष्ट बोलता, तोंडाकडे पायलं का कयते. भावाचं नाई समजत. त्याच्या मिशा आड येतात."

म्हणजे त्या भाकरी मायेच्या नव्हत्या, मिशांच्या होत्या. बाबांना हसावं की रडावं कळेना. शेवटी ते हसले आणि मग उपरण्यानं डोळे पुसत बसले, भर रस्त्यात, एका बंद दुकानाच्या पायरीवर. ज्या माणसाला पोराच्या पाढ्यातली एक चूक वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू यायची, त्याला घरात चार वर्षं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हे तोंडानं बोलून दाखवलं. "भयरा तं मी हाओ," असं म्हणाले.

रेडिओचा विषय संपला, असं मी धरून चालले. वही खिशात गेली होती. उन्हाळा तोंडावर आला होता म्हणून आईनं तिथंच रस्त्याकडेला बसलेल्या कुंभारणीकडे माठ बघायला घेतला. एक उचलला, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, दुसरा तळवा माठाच्या पोटावर. ठेवला. दुसरा, ठेवला. तिसऱ्याला तर तिनं नाक मुरडलं. कुंभारीण वरमून म्हणाली, "ह्याले बारीक चीर हाये खरी, बाई. तुमाले आयकू आली?" आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयकू कायले पायजे? हाताले समजते."

बाबा ताडकन उठले. आईनं निवडलेला माठ काखेत मारला आणि तडक दुकानाकडे निघाले. आम्ही दोघी त्यांच्या मागं धावतच.

लाईट आली होती. "सारे रेडिओ पुन्हा लावा," बाबांनी दुकानदाराला सांगितलं आणि आईचा हात धरून पहिल्या पेटीवर ठेवला. चारचौघांत बायकोचा हात धरणं आमच्याकडे लग्नातच काय ते व्हायचं. दुकानदारानं नजर वळवली. आईनं तळवा पेटीवर सपाट ठेवला आणि क्षणात उचलला. "पत्र्याचं डबडं हाये." दुसरा. "ह्याच्यात दम नाई." बाबांच्या वहीतला सहा व्हॉल्व्हचा, सगळ्यात भारी, तो तिनं "नुसता थरथरते, बिमार हाये," म्हणून काढून टाकला. मघाशी सगळ्यांना बरं म्हणणारी हीच का ती बाई!

कोपऱ्यात एक जुना रेडिओ पडला होता. कोणीतरी ट्रान्झिस्टर घेऊन तो देऊन गेलं होतं. पेटी मोठी, एका बाजूचं पॉलिश उडालेलं. आई स्वतःच तिकडे गेली. दुकानदार म्हणाला, "अहो गुरुजी, तो विकायचा नाही, जुनाट आहे." पण लावला. तापायला वेळ घेऊन त्याचा हिरवा डोळा, म्हणजे काचेआडचा बारका दिवा, उघडला आणि आत एक पुरुष काहीतरी बोलायला लागला. आईनं हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही.

"ह्याच्यात माणूस हाये," ती म्हणाली.

रेडिओ घरी आला तो असा. तेव्हा रेडिओ ठेवायलाही सरकारी परवाना लागायचा, त्यासाठी बाबा पोस्टात जाऊन आले. मामाला बोलवावंच लागलं. मिशीतल्या मिशीत पुटपुटत त्यानं स्टेशन नीट लागावं म्हणून कौलांवर तारेची जाळी ताणली, अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग पुरलं. आणि मान्य केलं पाहिजे, डोकं त्याचंच: त्यानं एक जादा स्पीकर आणून माठाच्या तोंडावर बसवला. पाण्यासाठी घेतलेला माठ पाण्याला मुकला, पण त्यातून असा खर्ज निघायला लागला की बाजेवरची वाटी वाजायची. आई मधोमध बसायची, डावा हात पेटीवर, उजवा माठावर. आवाज तिला दोन्हीकडून यायचा. पुढच्या भेटीत मामा मिशी कातरून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन भाकरींवर उठला.

पण आई गात नव्हती. महिना गेला. बाबा विचारत नसत, नुसते रोज काटा फिरवून गाणी शोधून द्यायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

मग एका संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. बाबांच्या बातम्या म्हणजे घरात पोरांनी शिंकायचंसुद्धा नाही. आणि आई गायला लागली. आत तो माणूस देशाचं काहीतरी गंभीर सांगतोय आणि आई डोळे मिटून त्याच्या आवाजावर जात्यावरची ओवी म्हणतेय! आवाज थोडा घसरलेला, पण गळा तोच. धाकटा भाऊ हसायला लागला, तर बाबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी देशात काय झालं ते आमच्या घरात कोणाला कळलं नाही.

आई दुसऱ्या ओवीवर आली आणि लाईट गेली. हिरवा डोळा मिटला. आईच्या तळव्याखालचं घुमणं थांबलं असणार, कारण तिचा सूर शब्दाच्या मध्येच डळमळला. डोळे अजून मिटलेलेच होते. बाबा उडी मारून उठले, माठावरचा स्पीकर उचलून बाजूला ठेवला, गुडघ्यांवर बसून माठात तोंड घातलं आणि जे पाठ होतं ते मोठ्यानं सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस.

आईचा हात माठावर तसाच राहिला. तिनं डोळे उघडले नाहीत. जरा वेळानं ती हसली आणि म्हणाली, "हा माणूस वळखीचा हाये."

आणि तिनं ओवी जिथं तुटली होती तिथून पुढं उचलली. बाबांचा पाढा एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत गेला, आणि लाईट आली नव्हती म्हणून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून धरला.