पायाखालची पट्टी

आमच्या मेढ्याकडच्या गावात बी. ए. झालेला मी पहिला. हे मी कुणालाही सांगतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास सांगलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि एका खोलीत एकटा राहू लागलो. सोबतीला दोन वस्तू होत्या. पलटणीतल्या थोरल्या भावानं आणून दिलेली हवाईयन गिटार आणि त्याची स्वतःची बाजाची पेटी.

गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातानं पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तारा सा-ग-प अशा लावलेल्या. कांडी सरकली की तिन्ही सूर एकदमच चढत, एकदमच उतरत. सा जागेवर ठेवून बाकीचे दोन बदलणं कांडीला जमत नसे. तिथं दादाची पेटी लागे. तो रजेवर आला की पेटीवर तिन्ही सूर धरायचा, मी मान हलवली की बदलायचा.

तो वर्षातून एकदा यायचा. एरवी माझं वाजवणं अर्धंच. मला ते खटकू लागलं. शिकलेला माणूस मी, एवढ्यासाठी कुणाची वाट का बघायची?

मिरजेला सतारी करणाऱ्या एका चाचांकडे कागदावर चित्र काढून नेलं. पायाखाली लाकडी पट्टी, तिला सायकलच्या ब्रेकची तार. पट्टी दाबली की गंधाराची तार ताणली जाऊन मध्यमावर जावी, पंचमाची धैवतावर. पाय उचलला की दोन्ही परत खाली.

चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मास्तर, सूर बदलायचा तर थांबायचं, खुंटी पिळायची, मग वाजवायचं. लोक थांबतात की."

"माझ्याकडं थांबायला कुणी नसतं, चाचा."

त्यांनी कागद ठेवून घेतला. पहिल्या खेपेला पट्टी दाबताच तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हलली आणि सा-च उतरला. तो उतरलेला सा चाचांना सहन होईना. मला न विचारताच त्यांनी हाडाची जड घोडी बसवली, खाली सागवानी पाट दिला. तिसऱ्या रविवारी पट्टी दाबली, तेव्हा सा जागचा हलला नाही.

दादाला पत्रात काहीच कळवलं नाही. तो आला, ट्रंक ठेवली, चहा घेतला आणि नेहमीसारखी पेटी पुढं ओढली.

"पेटी राहू दे. नुसतं ऐक," मी म्हणालो.

मी वाजवून दाखवलं. पाय कुठंच चुकला नाही. त्यानं वाकून पट्टी पाहिली, बोटानं तार ओढून पाहिली.

"लय झ्याक केलंस रं, मास्तर. पेटीवाल्याला आता कायमची रजा म्हणायची."

तो हसला, मीही हसलो. खरं सांगायचं तर छाती फुगली होती माझी.

जाताना त्यानं पेटी बरोबर घेतली. "छावणीत पोरं वाजवतील. तुला कशाला आता?" राहू दे म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण कारण काय सांगणार? पेटी लागायचं कारणच मी मिरजेला जाऊन मोडून आलो होतो.

पुढच्या रजेला तो सांगलीत उतरलाच नाही, थेट गावी गेला. ते पत्रातून कळलं त्या संध्याकाळी मी वाजवत बसलो होतो. शेजारच्या काकू दारात आल्या. हातात दोन कप होते.

"भाऊ आला व्हय? दोघांचं वाजवणं ऐकलं म्हणून चहा जास्त टाकला."

"न्हाई काकू. मी एकटाच हाय."

त्यांनी एक कप ठेवला आणि दुसरा परत नेला.