नरसाळ्यात तांब्याभर पाणी

माझ्या गच्चीवर किती ऊन आहे, हे माझ्या मुलाला शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून कळतं. मी जेवले की नाही, ते कळत नाही. त्याचं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

गच्चीवरचं यंत्र त्याने स्वतः जोडलं. दिवाळीला आला तो खोकं घेऊनच. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या फट ठेवून एकावर एक बसवल्या, त्यांच्या आत हवेतला ओलावा मोजणारं नखाएवढं काहीतरी, वर ऊन मोजणारी छोटी काच. शेजारी एक नरसाळं. त्याच्याखाली इवलीशी पन्हळ. थोडं पाणी साठलं की ती कलंडते आणि तिकडे त्याच्या मोबाईलवर पाऊस दिसतो. मी चौथी शिकले, पण एवढं मला समजलं. सण असून तो गच्चीवरच होता. फराळाचं ताटही मी गुडघे धरत वर नेऊन दिलं.

पुढे फोन पूर्वीसारखेच. "बरी आहेस ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "चल, ठेवतो."

चैत्रात कुरडया घालायच्या म्हणून मी गच्ची धुतली. बादली झोकून दिली तेव्हा थोडं पाणी त्या नरसाळ्यात गेलं असावं. हात पुसते न पुसते तोच फोन वाजला.

"आई, पाऊस पडतोय का गं तिकडं?"

"पाऊस कुठला? गच्ची धुतली म्या."

तो हसला. मग गुडघ्यांचं विचारलं, गोळ्या संपल्या का विचारलं. एवढं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

माझी धाकटी जाऊ मदतीला आली होती. सोऱ्या दाबता दाबता ती म्हणाली, "लई हुशार हाय बाई तुमचा ल्योक. गच्चीवर थेंब पडला तरी कळतंय त्याला. खाली कोन राहतंय, ते बी इचार म्हनावं कवातरी."

"तू सोऱ्या दाब गुमान," मी म्हटलं.

पण ते डोक्यात राहिलं. त्यानंतर त्याच्याशी बोलावंसं वाटलं की मी तांब्या घेऊन वर जायची, नरसाळ्यात पाणी ओतायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. फोन यायचा.

"आई, पाऊस?"

"न्हाई रं. कावळा बसला आसंल."

ही लबाडीच होती. मला तिची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. ज्याला आई दिसत नाही आणि पाणी दिसतं, त्याला पाणीच दाखवावं लागतं.

शेवटी तो आला. यंत्र बिघडलं, असं त्याला वाटलं होतं. येणार म्हणाला म्हणून मी सकाळीच हुलग्याची शेंगोळी करून ठेवली. तो चपला काढून थेट वर गेला. खाली आला तो लॅपटॉप मांडीवर घेऊनच जेवला. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने बटणं.

"झालं बघ," तो म्हणाला. "आता कडक ऊन असताना पाऊस दाखवला, तर तो खोटा धरून आपोआप गाळला जाईल. मला मेसेजच येणार नाही. तुला पण त्रास नको."

"मला कसला तरास?"

"सारखे फोन येतात ना माझे."

मी त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. चहाला थांबला नाही.

तरीही मी एकदा तांब्या ओतून पाहिला. मग एक कळशी ओतली. काही नाही.

वैशाखात एका दुपारी वळीव आला. पश्चिमेकडून लख्ख ऊन गच्चीवर पडत होतं आणि त्यातच गारा. समोरच्या गोठ्याचा पत्रा उडून माझ्या ओट्यावर आदळला. मी आतून दाराला पाठ लावून बसले, फोन मांडीत घेतला. नरसाळं नक्कीच भरून वाहत असणार. हा तर खरा पाऊस होता, आता तरी तो विचारेल. गारा थांबल्या. पागोळ्याही थांबल्या. फोन वाजला नाही. यंत्राने तो पाऊसही माझ्या तांब्यातलाच धरला.

संध्याकाळी जाऊ चिखल तुडवत आली. पत्रा पाहिला, मला पाहिलं.

"पोराचा फोन आला का?"

"आला की," मी म्हटलं. "इचारत हुता, पाऊस हाय का म्हनून."