आप्पांनी दिलेलं एकमेव तंग माप

आप्पांनी आयुष्यात एकदाच गिऱ्हाइकाला अंगाबरोबर माप दिलं.

गिऱ्हाईक त्यांचा थोरला मुलगा होता, आणि माल होता विमानातून उडी मारायचा.

आप्पा आज पहाटे गेले; त्यांच्या लिंगायत बोलीत, लिंगैक्य झाले.

तलवाड्यात त्यांचं कापडाचं दुकान. आसपासच्या शाळांचे गणवेश तिथलेच, आणि सगळे 'वाढत्या मापाचे'. माझा चौथीतला शर्ट मला सातवीतही मोठा होत होता.

शिवा, म्हणजे हा थोरला, माझा वर्गमित्र. मी संस्कृत शिकून वार्ताहर झालो, तो फौजेत पॅराशूटवाल्यांत गेला. दोघांपैकी कुणाचं शिक्षण गावात जास्त निरुपयोगी, यावर आमचा वाद असे.

तो नोकरी सोडून परत आला ते नव्वदीतले दिवस. घरोघर केबल आली होती, दुकानात परदेशी शीतपेय आलं होतं, आणि एका पुढाऱ्याला साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला आकाशातून उतरणारा माणूस हवा होता.

शिवा हो म्हणाला. पॅराशूट मात्र स्वतःचं आणायचं होतं.

त्याच्या जुन्या साहेबांनी मुंबईहून दोन संच पाठवले. हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे. कंटेनर म्हणजे त्यालाच जोडलेली पाठीवरची पिशवी. तिच्यात मोठी छत्री, आणि वरच्या कप्प्यात राखीव छत्री. पसंत पडेल तो संच ठेवायचा, दुसरा परत. आप्पांच्या धंद्यात याला जाकड माल म्हणतात.

एक संच कोरा, निळा-पिवळा, मोठ्या मापाचा.
दुसरा वापरलेला, विटका, शिवाच्या अंगाचा.

आप्पांनी माझ्यादेखत कोऱ्या संचाचा पट्टा चिमटीत धरून चोळला.

"ह्योच ठेव. उद्या पोट सुटंल तुझं. धाकट्यालाबी होईल."

"धाकटा कशाला उडी मारंल, आप्पा? त्याला माळ्यावर चढलं की घेरी येती."

"येऊ दे. माल लई चांगला हाय."

पण आप्पांच्या मनातली भीती वेगळी होती. शिवाच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, बरोबर छातीच्या मधोमध. लहान संचाचा छातीचा पट्टा नेमका त्या डबीवर येत होता. लिंग अंगावरून उतरवायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. कपडा सैल घ्यायचा, हा दुसरा.

दोन्ही नियम मोठ्या संचाच्या बाजूचे.

शिवा वाद घालत बसला नाही. त्यानं दुकानामागच्या झोपाळ्याचा पाट सोडवला, मोठा संच अंगात चढवला आणि कड्यांना स्वतःला टांगून घेतलं.

उभ्यानं ठीक दिसणारा हार्नेस लोंबकळताच वर सरकला. छातीचा पट्टा गळ्याशी आला.

"आप्पा, बघा. छातीवरच्या पट्ट्याची उजवी मूठ वढली की बिघडलेली मोठी छत्री सुटती. डावी वढली की राखीव उघडती. आता मोठी बिघडली समजा."

त्यानं डोळे मिटले. हात छातीवर गेले.

मुठी तिथं नव्हत्या.

तो काखेपाशी चाचपडला. मग खांद्यापाशी. खण घ्यायला आलेली एक बाई दारातच थांबली.

"घावली का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"आता मी जमिनीवर आलो, आप्पा."

बाई खण न घेताच गेली.

आप्पांनी गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला. "उतर," म्हणाले. "ते जुनं घाल."

जुन्यात तो टांगला तेव्हा काहीच हललं नाही. मुठी जागच्या जागी. फक्त चांदीची डबी पट्ट्याखाली रुतत होती. आप्पांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"शास्त्री, तुझ्या संस्कृतचा कुणाला उपयोग झाल्याचं मी पाह्यलं न्हाई. आज बघू. लिंग छातीवरच पाह्यजे का?"

"नाभीच्या खाली नको," मी म्हणालो. "कंठ चालतो. मस्तकही चालतं."

"मस्तक ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. कंठ बरा."

शिवानं लिंग डाव्या तळहातावर धरलं. आप्पांनी डबी बाजूला ठेवली, लिंग रेशमी फडक्यात बांधलं आणि दोरा आखूड करून त्याच्या गळ्याच्या खळीशी गाठ मारली. मग मांडीचे पट्टे स्वतः आवळले.

"आप्पा, लागतंय."

"लागू दे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून तोवर कुठल्याच गिऱ्हाइकानं ऐकलं नव्हतं.

कोरा संच परत गेला.

मोळीपूजनाला मी बातमीसाठी गेलो होतो. आप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीत. विमानातून ठिपका सुटला. मोठी छत्री बाहेर आली, आणि पिळलेल्या धोतरासारखी गुंडाळून गरागरा फिरायला लागली.

लाउडस्पीकरवाला म्हणाला, "मंडळी, कसरतीला सुरुवात झालेली हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा उभे राहिले. त्यांचा उजवा हात अंगातल्या कोपरीवर, छातीपाशी गेला. मुठीच्या जागी.

वर छत्री सुटली आणि एकटीच उसावर तरंगत गेली. ठिपका नुसताच खाली येत होता.

आप्पांचा डावा हात छातीवर गेला. बोटं मिटली.

पांढरी छत्री उघडली.

पुन्हा टाळ्या. आप्पा खाली बसले. खुर्ची मागेच राहिली, ते जमिनीवर बसले.

शिवा उतरला तेव्हा त्यांनी त्याच्या पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. जात नव्हतं.

"बराबर हाय," एवढंच म्हणाले.

आणि दुकानात दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाढतं माप.

आज दुपारी दफनभूमीत होतो. त्यांच्यात बसवून पुरतात, लिंग डाव्या तळहातावर ठेवून. शिवाची पन्नाशी उलटली. पोट सुटलंय, आप्पांचा तो अंदाज खरा निघाला.

खड्डा जवळजवळ झाला होता. शिवा काठावर उभा राहून बघत होता.

"आजून जरा मोठा घ्या," तो म्हणाला.

"मापात हाय, मालक," खणणारा म्हणाला.

"असंल. पर आप्पांला सैल लागतं."

त्यानं पुन्हा कुदळ उचलली.

मग आप्पांना आत बसवलं. शिवानं त्यांचा डावा हात उघडला, लिंग ठेवलं, आणि बोटं एकेक करून मिटवली.

आप्पा, ऐसपैस बसा.