कुठं, असं कुणी विचारलं नाही

माझी नणंद नाहीशी झाली, असं लोक म्हणतात. नाहीशी झाली म्हणजे काय? चष्मा नाहीसा होतो, किल्ली नाहीशी होते. माणसाला कोणीतरी नाहीसं करतं. हे मी इतक्या जणांना सुनावलंय की आता सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत मला पाहिलं की बायका रस्ता ओलांडतात. ओलांडू देत.

मी त्यांना वन्सं म्हणायचे. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सांगलीत समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि एका लहान संस्थेच्या कामासाठी माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. बंधारे, बायकांचे बचत गट, शेळ्यांच्या लसी असं सगळं काम. वस्तीतले बहुतेक बाप्ये मुंबईला, मागं म्हातारी माणसं आणि बायका. त्यांच्यात बसायचं, त्यांच्या चुलीवरचा चहा प्यायचा आणि मग विषय काढायचा, ही वन्सांची पद्धत. चहाआधी कामाचं बोललेलं तिथं कुणी मनावर घेत नाही, असं त्या सांगायच्या. सणाला घरी आल्या की पिशवीत बाजरीचं पीठ असायचं आणि अंगाला मेंढरांचा वास. सासूबाई नाक मुरडायच्या आणि त्याच पिठाची भाकरी चवीनं खायच्या.

मी नवी नवरी असताना एकदा वन्सं परत माणला निघाल्या होत्या. पिशवी खांद्यावर, चपला पायांत. मी आपली सहज विचारून बसले, "कुठं निघालात वन्सं?" आतून सासूबाईंची हाक आली, ती अजून कानात आहे. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नाही, काम फिस्कटतं, माणूस अडतो, हे कुंडलला माझ्या माहेरीही पाळायचे. 'लांब का?' म्हणायचं, 'दौरा कुणीकडं?' म्हणायचं, कुठं म्हणायचं नाही. माझ्या तोंडून गेलं खरं. वन्सं हसल्या. पिशवी खाली ठेवली, पाटावर बसल्या, मी दिलेलं पाणी प्यायल्या, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पुन्हा नव्यानं निघाल्या.

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी दारात हळूच विचारलं.

"अजिबात नाही. पण आईचा आहे. आणि वस्तीवर तर सगळ्यांचाच आहे. असल्या गोष्टींवरून मी कुणाशी वाद घालत नाही गं. वाद घालायला पाणी आहे, जमीन आहे."

तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. आज वन्सं समोर असत्या तर मी भांडले असते. यावरूनच वाद घालायचा होता वन्सं. एवढ्या एकाच गोष्टीवरून.

शेवटचं काम गायरानाचं होतं. वस्तीमागच्या माळावर मेंढरं चरायची. तो माळ खडीच्या खाणीला द्यायचं चाललं होतं. खाणवाला तालुक्यातलाच, वर ओळखी असलेला. ग्रामसभा ठरली होती आणि वन्सांनी घरोघरच्या बायकांना हात वर करायला तयार केलं होतं. "या वेळी बायका बोलणार बघ," असं मला फोनवर म्हणाल्या. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी वस्तीवर एक पांढरी जीप आली. पुढं लाल अक्षरांची सरकारी पाटी. वन्सं त्या जीपमध्ये बसल्या आणि त्यानंतर आजपर्यंत त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

फोन बंद लागायला लागला तशी मी नवऱ्याला म्हटलं, चला माणला. "मोठी आहे ती, येईल. तिनं कधी कुणाला सांगून काही केलंय?" असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्याला पोरीचं लग्न करायचंय. कुणाच्या वाटेला जायचं?" सख्खा भाऊ. मी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही. ते स्वतःचं स्वतः वाढून जेवले. तिखट कमी पडलं म्हणून चटणीही घेतली.

मी एकटीच एस.टी.नं गेले. वन्सांच्या खोलीशेजारी एक म्हातारी राहते. तिच्याच अंगणात ती जीप थांबली होती. म्हातारीनं मला आधी चहा दिला. तो मी तसाच खाली ठेवला.

"गाडीतनं तिघं उतरलं," म्हातारी म्हणाली. "मोठ्या सायेबानं बोलीवलंय म्हनलं ताईस्नी. आमी च्या टाकला. एकानं साकर जादा मागितली, ती बी घातली. ताई म्हनल्या, उद्याच्या सभेचंच आसंल, येते. चार भाकरी फडक्यात बांदून दिल्या मी."

"आणि तुम्ही विचारलं नाही? कुठं नेताय म्हणून?"

म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला पोटच्या पोराचं वाईट चिंतायला सांगत होते. "आवं, निगालेल्या मानसाला कुटं इचारत्यात व्हय?"

अंगणात बऱ्याच बायका होत्या त्या सकाळी. सगळ्यांनी पाहिलं. वन्सांचं काम व्हावं, सभा जिंकावी, म्हणून कुणीही तो अभद्र शब्द उच्चारला नाही. मायेनं गप्प बसल्या सगळ्या. मला त्या मायेचा इतका संताप आला की मी उठून अंगणाबाहेर गेले आणि माळाकडं तोंड करून उभी राहिले. आणि त्या तिघांचा संताप तर असा आला, अजून येतो, की साखर जादा घातलेल्या चहाचा तो पेला सापडला तर मी दगडानं ठेचून काढीन.

तालुक्याच्या कचेरीतून सांगितलं, आम्ही कुठलीही गाडी पाठवलेली नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, आमचा कुणी माणूस गेलेला नाही. तिथल्या साहेबांनी 'मिसिंग' नोंदवली. मी म्हटलं, मिसिंग नाही, पळवून नेलंय, अपहरण लिहा. तपास त्यावर अवलंबून होता. मिसिंगचा कागद कपाटात जातो, अपहरणाचा गुन्हा असला तर जीप शोधावी लागते, खाणवाल्याला बोलवावं लागतं. मला तो एक शब्द हवा होता, बाकी काही नको होतं.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "बाई, कुणी पळवून नेत असेल तर माणूस चहा पिऊन जातो का? भाकरी बांधून घेऊन?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लग्न झालेलं नव्हतं ना त्यांचं?"

पन्नाशीच्या पुढची बाई. केस पांढरे, गुडघे दुखतात म्हणून काठी. तिच्याविषयी हा माणूस असा डोळा बारीक करून विचारत होता. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मला बाहेर काढलं.

वस्तीवरच्या बायकांचे जबाब त्यांनी घेतले, पण काय लिहिलं ते मला पुढं वकिलांनी वाचून दाखवलं. 'सदर महिला स्वखुशीने वाहनात बसून गेल्या. उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही, कोठे जात आहेत याबाबत विचारणाही केली नाही.' सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. त्या खऱ्या वाक्यांनीच वन्सांना दुसऱ्यांदा गाडीत बसवलं. वकील म्हणाले, ही विचारणा न केल्याची ओळ आहे तोवर अवघड आहे.

ग्रामसभा ठरल्या दिवशीच झाली होती. वस्तीवरच्या बायका तेव्हा रात्री न परतलेल्या वन्सांना शोधत तालुक्यात फिरत होत्या, त्यामुळं हात वर करायला कुणी नव्हतं. माळ खाणीला गेला.

नंतर एकदा मी म्हातारीलाच घेऊन ठाण्यात गेले. म्हटलं, पुरवणी जबाब घ्या, कुणी का विचारलं नाही ते यांच्या तोंडून ऐका. साहेब घाईत होते. इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध, गाडीत मागच्या सीटवर पेढ्यांचे बॉक्स. शिपाई म्हणाला, मुलीची सुपारी फोडायला चाललेत, उद्या या. उद्या या हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मी नुसतीच उभी राहिले. चालकानं गाडी सुरू केली.

म्हातारी माझ्या शेजारून निघाली. लुगड्याचा पदर डोक्यावर सारखा केला, गाडीच्या खिडकीशी गेली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "कुटं चाललाय सायेब?"

मला कळेना मी काय ऐकलं. जिनं जन्मात कुणाला हे विचारलं नव्हतं, ती भरल्या आवारात विचारत होती, आणि तेही मुलीच्या कार्याला निघालेल्या माणसाला. साहेबांचा चेहरा उतरला. चालकाचा हात गिअरवरच राहिला. मग साहेब खाली उतरले, आत गेले आणि खुर्चीत बसले. शिपायानं न सांगता पाण्याचा तांब्या आणला. पेढ्याचा एक बॉक्सही उघडला.

मी त्यांच्यामागून आत शिरले.

"का थांबलात साहेब?"

ते पाणी पीत होते.

"तुम्हाला माहीत आहे ना का थांबलात ते? मग तेवढंच लिहा. या बायकांनी का विचारलं नाही, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार आहे?"

"ताई, हे असलं कागदावर येत नाही."

"विचारणा केली नाही, हे आलं की कागदावर."

त्यांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, रुमालानं बोटं पुसली आणि पुन्हा नव्यानं निघाले. जाताना म्हातारीच्या बाजूनं न जाता मागच्या फाटकानं गेले. मुलीची सोयरीक महत्त्वाची होती. माझ्या वन्सांना कुणी पाणी पाजून थांबवलं नाही, कारण त्यांचं काम बिघडू नये असं सगळ्यांना वाटत होतं, आणि हा माणूस आपलं काम बिघडू नये म्हणून दोन मिनिटं थांबला आणि आम्हाला मात्र उद्यावर ढकलून गेला. मला आवारातली कुंडी उचलून फोडावीशी वाटली. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"लय वंगाळ बोलली मी," ती म्हणाली. "देवा, त्या पोरीचं काय वाईट हू ने." मग म्हणाली, "पर त्या दिशी बोलाया पायजे व्हतं. च्या वतायच्या आदी बोलाया पायजे व्हतं."

ती ओळ कागदावर अजून आहे. वकिलांचे अर्ज चालू आहेत. नवरा आता विचारतो, काही कळलं का, आणि मी पेपर पुढं सरकवते. वस्तीवर मात्र बदल झालाय. कुणी कुणाच्या गाडीत बसायला लागलं की बायका पुढं होतात. कुठं चाललाय, कुणाबरोबर, कवा येनार, तोंडावर विचारतात. मुंबईहून आलेली पोरं चिडतात, अपशकुन कशाला करता म्हणतात. मग बायका त्यांना असं सुनावतात की ऐकवत नाही.

ते साहेब बदलून गेले. दुसरे आले. मी सवड काढून सांगलीहून जाते, आणि मला फाटकातून येताना पाहिलं की नव्या साहेबांना बाहेरचं काम निघतं. ते गाडीत बसतात. मी पुढं जाऊन उभी राहते आणि आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "कुठं निघालात?" ते खाली उतरतात, आत जातात, पाणी पितात. परत बाहेर येतात तेव्हा मी गाडीपुढं तिथंच असते.