पोलाद कंपनीचा लेख ठेवायचा की काढायचा?

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी ऑनलाइन विश्वकोशात हौसेने संपादन करते. तिथे आपल्याकडच्या एका पोलाद कंपनीवर लेख आला. संदर्भ सगळे कंपनीच्याच जाहिरातींचे, कंपनी लेख लिहिण्याइतकी मोठी आहे याला बाहेरचा पुरावाच नाही, म्हणून मी तो काढून टाकायचं सुचवलं.

दुपारी मावसभावाचा फोन. तो त्याच कंपनीच्या ऑफिसात आहे आणि लेख त्यानेच लिहिलेला.

"ताई, अख्खी रत्नागिरी आम्हाला ओळखते. आणखी काय पुरावा हवाय गो?"

"बाहेरच्या कोणीतरी तुमच्याबद्दल नीट लिहिलेलं हवं," मी म्हटलं.

शेवटी मीच शोधायला बसले. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या सापडल्या. कारखान्याच्या धुळीने आंब्याचा मोहोर काळा पडतो, अशी बागायतदारांची तक्रार होती. कंपनीचं म्हणणंही त्यात होतं. मी दोन्ही बाजू लेखात घातल्या. आता तो टिकण्याजोगा झाला.

संध्याकाळी पुन्हा फोन. "ताई, साहेब म्हणतात, आमची कंपनी एवढी काही मोठी नाही. लेख काढूनच टाक."

मी म्हटलं, आता काढायला कारणच उरलं नाही. त्याने फोन ठेवला.

लेख राहिलाय, भाऊ बोलत नाहीये. रविवारी मावशीकडे जेवायला जायचंय. तिला काय सांगू, तुम्हीच सुचवा.