आत्माराम मामाजींचं टेबल

कोणाच्याही घरी चहा आला की मामाजींना एकदम काहीतरी काम आठवायचं. कप समोर ठेवला की ते उठत, दाराची बिजागरी हलवून पाहत, खिडकीच्या फळीवरून बोट फिरवत आणि "हे कोणं केलं बे असं?" म्हणून कधी न पाहिलेल्या सुताराला दोन शिव्या हासडत. घरमालक आत गेला की मागे वळून तो गार चहा एका घोटात संपवत. लोक म्हणत, आत्माराम मिस्त्री कामाचा वेडा आहे, चहासुद्धा विसरतो. मी त्यांची भाची, त्यांच्याच घरी वाढलेली. मला माहीत होतं की ते चहा विसरत नव्हते. भरलेला कप उजव्या हातात धरला की चहा बशीत सांडायचा, आणि तो सांडताना कोणी पाहू नये एवढीच त्यांची धडपड असायची.

आमच्या खेड्यात पुढची शाळा नव्हती म्हणून मामाजींनी मला छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरला आणलं. मामी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घराला लागून टिनाची शेड, तिथे त्यांचं काम. शेडच्या कोपऱ्यात त्यांनीच केलेल्या मेजावर माझा अभ्यास. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ती पदवी जितकी माझी तितकीच त्या शेडची आहे. निकाल लागला तेव्हा ते बसस्टँडवर जाऊन अनोळखी माणसांनाही सांगत होते, "भाची बी.ए. झाली माह्यी!" पुढे मी तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून मला हाक मारायची ती "मास्तरीण" अशीच.

विनय हा गुण त्यांच्याकडे नव्हता. "ह्या भागात दोनच गोष्टी सरळ हायेत," ते म्हणत, "एक पांढुर्ण्याची रेल्वे पटरी, अन् दुसरा माह्या रंधा." दुसऱ्याचं काम पाहून ते कधी चांगलं म्हणाल्याचं मला आठवत नाही. फार झालं तर म्हणत, "चालते. कवाडच हाय, काही ताजमहाल नाई."

अशा माणसाचा हात कापायला लागला. आधी थोडा, मग दिसेल इतका. रंधा दोन्ही हातांनी दाबून धरायचा असतो, त्यामुळे तो निभत होता. खरी पंचाईत होती राउटरची. राउटर म्हणजे हातात धरून लाकडाच्या कडेवरून फिरवायची वजनदार मशीन. तिच्या टोकाचं पातं कडेला गोलाई किंवा नक्षी पाडतं. पातं इतक्या वेगात फिरतं की ते दिसत नाही, नुसता आवाज येतो. एकदा पाळण्याची कड करताना ती मशीन त्यांच्या हातातून सरकली आणि लाकडात खोल चावा घेऊन थांबली. मी धावत शेडमध्ये गेले. मामाजी मशीनकडे रागाने पाहत होते.

"बेअरिंग गेलं हिचं."

ते छिंदवाड्याला जाऊन मशीन दाखवून आले. मेकॅनिक म्हणाला, काही बिघाड नाही. मामाजींनी निकाल दिला, "येडा हाय थो."

डॉक्टरचं नाव मी एकदाच काढलं. ते शांत आवाजात म्हणाले, "हात गेला त मिस्त्री कायचा, पोरी? निस्ता आत्माराम." त्यानंतर आमच्या घरात हात हा शब्द कोणी उच्चारत नसे.

त्याच पावसाळ्यात पांढुर्ण्याहून कौसल्याबाईंचा निरोप आला. त्यांचं संत्र्यांच्या व्यापारातलं मोठं घर, आणि गौरी-महालक्ष्म्यांचा थाटही मोठा. सासऱ्यांच्या वेळचं सागवानी मखर वाळवीने खाल्लं होतं. त्यातलं चांगलं निघालेलं लाकूड घेऊनच नवं मखर करायचं, अशी त्यांची अट होती. दुसरी अट त्या घरच्या रितीची: देवीच्या नावाचं लाकूड अंगणाबाहेर जात नाही. सुताराने तिथे येऊन, त्यांच्या डोळ्यांसमोर काम करायचं. मुलाला नागपूरहून तयार मखर आणायचं होतं, आणि काम वेळेत होत नाही असं दिसलं की तो ते आणणारच होता. महालक्ष्म्या काही सुतारासाठी थांबत नाहीत.

मामाजींनी ऐकताक्षणी हो म्हटलं. रात्रीची भाकरी मात्र त्यांना गेली नाही. मखर म्हणजे बारीक बारीक पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या कडेला नक्षी. एवढ्याशा लाकडावर हातातली मशीन फिरवणं धडधाकट माणसालाही जड. बदली लाकूड नाही. आणि शेडचा आडोसाही नाही, सगळं परक्या अंगणात.

दोन दिवस ते शेडमध्येच होते. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर शेडमध्ये प्लायचा तुकडा कापून ठेवलेला.

"खुटीले बांधलेला बैल कुठं जाते, मास्तरीण?"

"कुठं जाणार? तिथंच फिरेल."

"मंग मशीन बांधून टाकतो. थे जाग्यावर राहीन, लाकूड तिच्यावरून जाईन."

हातामुळे, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. आम्ही ते टेबल केलं. सांगायला अगदी साधं. जाड प्लायचा चौकोन, वर गुळगुळीत सनमायका, म्हणजे लाकूड अडखळत नाही. मधोमध एक गोल भोक. मशीनच्या तळाची तबकडी काढून मशीन खालून उलटी टांगायची, पातं भोकातून वर काढायचं. पात्याला लागून एक सरळ सागवानी पट्टी, जिला टेकवून लाकूड सरकवायचं. तिचं एक टोक बोल्टवर फिरणारं, दुसरं शिकंज्याने आवळायचं. पाय दुमडणारे. बाजूला मोठं लाल बटण, मशीन सुरू-बंद करायला खाली वाकायची गरज पडू नये म्हणून. आणि एका कडेला बोटं जातील अशी खाच, उचलून न्यायला.

मशीनचे स्क्रू मला लावायला सांगितले. "चश्मा नाई सापडून राहिला," म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

शेडमध्ये त्यांनी एक जाड, वजनदार फळी त्या पात्यावरून नेली. फळी जणू आपणच पुढे सरकली. मामाजी खूश झाले. "पाह्य, सोताच ओढून राहिली! ताकदच नाई लागून राहिली." मलाही हायसं वाटलं. ते ओढणंच धोक्याचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

बसमध्ये कंडक्टरने टेबलाकडे पाहून विचारलं, "काय मिस्त्री, कॅरम घेऊन चालले का पांढुर्ण्याले?"

"हव. राणी माह्या खिशात हाय," मामाजी म्हणाले. सगळी बस हसली. त्यांचा उजवा हात खरंच खिशात होता, आणि पांढुर्णा येईपर्यंत तो बाहेर आला नाही.

कौसल्याबाई वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वय झालेलं, नजर धारदार. त्यांच्या पायांशी जुन्या मखराचं चांगलं निघालेलं लाकूड धुऊन, हळदी-कुंकू लावून ठेवलेलं.

"आत्माराम, मोजून दिलं हाय बरं. वाया नको घालू."

"बाई, जामसांवलीच्या मारुतीची आन. भुसा बी तुमच्याच अंगणात पडीन."

आम्ही टेबल मांडलं. मामाजींनी पहिली पट्टी घेतली. मी त्यांच्या उजव्या बाजूला, टेबलाच्या टोकाशी उभी राहिले. पट्टी माझ्याकडे येणार होती. त्यांनी बटण दाबलं. अंगणभर आवाज भरला. त्यांचा हात हवेत थरथरत होता. पट्टीवर दाबल्यावर शांत झाला. डावीकडून उजवीकडे त्यांनी पट्टी सरकवायला सुरुवात केली. हातातली मशीन उभा जन्म त्यांनी डावीकडून उजवीकडेच चालवली होती.

पट्टीने पात्याला स्पर्श केला आणि ती त्यांच्या हातात राहिलीच नाही. पात्याने ती हिसकावली. माझ्या कमरेला वारा लागला, मागे पाण्याच्या टाकीवर धाडकन आवाज झाला. मी वळून पाहिलं तर पट्टी उभी चिरली होती.

मामाजींनी बटण बंद केलं. ते टाकीकडे पाहत नव्हते, पट्टीकडेही नाही. ते माझ्या कमरेकडे पाहत होते.

"लागलं?"

"नाही, मामाजी."

"खरं सांग."

"नाही लागलं."

ते तिथेच जमिनीवर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून. वऱ्हांड्यातून कौसल्याबाई म्हणाल्या, "आत्माराम, हात कापून राहिला का रे तुह्या?"

इतके दिवस जो शब्द आम्ही घरात येऊ दिला नव्हता, तो त्या अंगणात सरळ येऊन पडला. मला वाटलं, मामाजी उसळतील. पण ते मला म्हणाले, "हत्यारं भर पेटीत. पोरगी मारली असती मी आज." मग कौसल्याबाईंकडे न पाहता, "नागपूरवरून आणून घ्या, बाई."

मी पेटी उघडली. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडले तर ते कायमचे उठणार नाहीत अशी भीती वाटत होती. म्हणून मी हळूहळू एकेक हत्यार पुसून ठेवत राहिले. कौसल्याबाई पण जागच्या हलल्या नाहीत. मुलाला फोन करा, असंही म्हणाल्या नाहीत.

शेवटी मामाजीच उठले. वायर काढलेली होती. ते टेबलाखाली वाकले, उलट्या टांगलेल्या मशीनकडे बराच वेळ पाहत राहिले. मग वर येऊन त्यांनी बोटाने पातं हळूच फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"मास्तरीण, इकडे ये. हे पाह्य. मशीन सवळी असन त पातं असं फिरते. आपण उलटी टांगली. आता वरून पाह्यलं त कसं फिरून राहिलं?"

"उलटं."

"उलटं! अन् मी? मी जनमभराच्या सवयीनं तसाच ढकलून राहिलो. बैल पळते तिकडेच गाडी लोटली. पळीन नाई त काय करीन?" त्यांचा आवाज चढला. "मशीन उलटी केली त चाल बी उलटी पायजे ना बे! इतकं साधं! शेडमधी बी सांगून राहिली होती थे, ओढून राहिली होती, अन् मी हासत होतो!"

त्यांनी मला आता उजवीकडे नाही, डाव्या बाजूला, पण टेबलापासून दूर, रेषेच्या बाहेर उभं केलं. आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं, मग पट्टी घेतली. या वेळी बोटांनी नाही. मागून ढकलायला एक लाकडी ठोकळा धरला. उजवीकडून डावीकडे. पात्याने पट्टीला विरोध केला, आणि तो विरोधच त्यांना हवा होता. दाबून धरायला काहीतरी मिळालं की तो हात कापत नसे. पट्टी बोटबोट करत पुढे आली. त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा ती गरम होती आणि तिच्या कडेची नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी होती.

"चालते," मामाजी म्हणाले.

पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच अंगणात होतो. चिरलेली पट्टी मखराच्या मागच्या बाजूला लागली. सगळं झालं, राहिली वरची कमान. तिची कड वाकडी. टेबलावरच्या सरळ पट्टीला टेकवून ती सरकवता येत नाही. ती मोकळ्या हातांनीच पात्यावर वळवावी लागते. मामाजींनी कमान उचलली, बंद मशीनवर ठेवून तिचा फेरा एकदा फिरवून पाहिला. दाबायला काही नव्हतं. कमान त्यांच्या हातात थरथरत होती आणि ती लपवायला जागा नव्हती.

"मी करून पाहू?" मी विचारलं.

"तू नको." मग मशीनची वायर काढत म्हणाले, "मी बी नको."

ते कमान घेऊन वऱ्हांड्यापाशी गेले. "बाई, ही सादी ठेवतो. हात कापते माह्या. बाकी सगळं केलं, हे होत नाई."

कौसल्याबाईंनी कमानीकडे पाहिलं. "मले काय सांगतं? महालक्ष्म्याइले सांग." मग जरा मऊ आवाजात, "तिथं फुलोराच टांगावा लागते, आत्माराम. करंज्या-पापड्याच्या मागं कोण पाहते?"

महालक्ष्म्यांच्या दिवशी आम्हा दोघांना जेवायचं बोलावणं होतं. कमानीवर फुलोरा टांगलेला, खाली दोघी महालक्ष्म्या उभ्या. बायका नक्षीचं कौतुक करत होत्या. मामाजी मात्र प्रत्येकाला हाताला धरून पुढे नेत होते आणि फुलोरा बाजूला सारून दाखवत होते, "अन् हे पाहा, हे सादं हाय. माह्या हात कापते ना, म्हणून नाई केलं." रंध्याबद्दल ज्या तोऱ्यात बोलत त्याच तोऱ्यात. त्या आठवड्यात ते माझ्याबरोबर नागपूरला डॉक्टरकडे आले. पुढे कितीतरी गावांत ते टेबल बसने गेलं. जे जमायचं ते मामाजी घ्यायचे, आणि जे नाही त्याला पहिल्याच भेटीत, दारातच, नाही म्हणायचे. "नाई म्हणाले लाज वाटन त वरचं काम खोटं होते," असं ते म्हणत. शाळेत एखादं गणित मला येत नाही असं मुलांना सांगायची वेळ येते तेव्हा मला हे वाक्य उपयोगी पडतं.

मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. महालक्ष्म्यांना मी पांढुर्ण्याला गेले. कौसल्याबाईंची नवी नातसून मखर पुसत होती. कमानीवर हात फिरवून तिने मला विचारलं, "मावशी, एवढंच काऊन राहिलं हे? मशीनवाल्याकडून करून घेऊ का?"

आतून कौसल्याबाईंचा आवाज आला. "हात नको लावू त्याले. थे राहिलं नाई, आत्मारामनं ठेवलं हाय."