नांदली का?

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचा, वीतभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, असायचा. कुठलंही यंत्र चालू दिसलं की त्याचं टोक ते यंत्राला टेकवायचे, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग पेचकस आपल्या हातात देऊन म्हणायचे, "ऐकून तं पाह्य." आपल्याला नुसती घरघर ऐकू यायची. त्यांना आतल्या बेअरिंगची कुठली गोळी झिजली आहे तेसुद्धा कळायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुणे म्हणून आले की आधी आपल्या फ्रिजची तब्येत विचारतात.

पेचकस उजव्याच कानाला, कारण डाव्या कानानं काकांच्या आधीच रिटायरमेंट घेतली होती. त्यामुळे त्यांच्याबरोबर चालायचं ते त्यांच्या उजव्या बाजूनं, आणि बोलायचं ते जरा मोठ्यानं.

सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मूळचे ते भंडाऱ्याकडचे. भिलाईत पोलाद कारखान्यात फिटर म्हणून नोकरी झाली. निवृत्तीनंतर बाकीचे मंदिरात बसू लागले, काकांनी कुम्हारीला पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन कंपनी काढली. मी तेव्हा नागपूरचं सासर सोडून भिलाईतच रुआबांध्याला आईवडिलांकडे परत आले होते. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांपासून दिवसभर लांब राहायचं होतं. मुलाखतीत काकांनी एकच प्रश्न विचारला.

"हा कूलर कावून बोंबलून राहिला?"

"पाणी संपलं असेल. पंप कोरडा चाललाय."

"पाणी मीच काढलं. ये उद्यापासून."

त्यांच्या डोक्यात एक डबा होता. यंत्राच्या फिरणाऱ्या दांड्याला जे बेअरिंग आधार देतं, त्यावर तो बसवायचा. बेअरिंग बिघडायला लागलं की डब्यानं आधीच सांगायचं, म्हणजे काकांच्या कानाचं काम डब्यानं करायचं. छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळतं हे मी शोधून काढलं आणि फॉर्म भरायला बसले. त्यात एक प्रश्न होता: तुमचं तंत्रज्ञान नऊ पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर आहे? पहिली पायरी म्हणजे नुसती कल्पना, नववी म्हणजे वस्तू प्रत्यक्ष वापरात.

काकांना हे फार आवडलं. "म्हणजे पयली पायरी, पोरगी पाह्याचं ठरलं. सहावी, साक्षगंध. आठवी, लगीन."

"आणि नववी?"

"नांदणं. सरकार लग्नापर्यंत खर्च करते, बाई. नांदवाचं आपल्यालेच पाहा लागते."

त्यानंतर अनुदानवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत, कोणी आपलं उपकरण दाखवलं की काका चहाचा कप धरून विचारत, "नांदली का?" बहुतेकांची नांदलेली नसायची. नमुना छान तयार व्हायचा, अहवाल जायचा आणि वस्तू कपाटात बसायची. विकत घेणारा म्हणायचा, आधी कोणी घेतलंय ते दाखवा.

रायपूरला अनुदानाच्या समितीसमोर त्यांना विचारलं, यात नवीन काय आहे? मी रात्रभर पाठ केलेलं उत्तर सुरू करणार, तोच काका म्हणाले, "नया कुछ नहीं है साहब. कान पुराना है. मैं रिटायर हो गया, अब ये कान किसके पास छोड़ूँ?" मी मनात म्हटलं, गेलं अनुदान. ते मिळालं.

पहिला डबा कुम्हारीजवळच्या एका भाताच्या गिरणीत बसवला. तो बिघाडाचा इशारा थेट मालकाच्या मोबाइलवर पाठवायचा. पंधरा दिवस पाठवला, मग गप्प झाला. पाहिलं तर तार उपटलेली. पुन्हा जोडली, पुन्हा उपटली. शेवटी मालकानं डबा काढून आमच्या हातात दिला.

त्या दुपारी शेडमध्ये दोन पाहुणे चहाला होते. त्यांनी डब्याची चौकशी केली. काका हसत म्हणाले, "परत आलेली पोरगी, दुसरं काय? काई ना काई खोट असनच तिच्यात."

मी हातातलं सोल्डरिंगचं काम खाली ठेवलं, पर्स घेतली आणि बस पकडून घरी गेले. मला फार लागलं. काकांना ते मला म्हणायचं नव्हतं हे कळत होतं, म्हणून जास्तच लागलं.

सकाळी जावं की नाही असं करत गेले. काका शेडच्या दारात उभे होते. वळसा घालून आले आणि मला आपल्या उजव्या बाजूला घेतलं.

"बाई, काल मी चुकलो. पोरीत खोट आहे म्हून मोकळा झालो. घर कसं आहे, ते पाहालेच गेलो नाही."

"डब्याबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

"दोघींबद्दल," काका म्हणाले, आणि कुलूप उघडायला लागले.

मग आम्ही चार दिवस त्या गिरणीत कोंड्याच्या धुळीत नुसते बसून राहिलो. यंत्रं सांभाळणारा मिस्त्री छत्तीसगढी माणूस होता. दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी त्याच्या जेवणाच्या डब्यातली अंबाडीची भाजी मागून खाल्ली, तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "दीदी, ये डब्बा मोर चुगली करथे."

खरंच होतं. इशारा आला की मालक आधी मिस्त्रीला झापायचा, म्हणून तो तार उपटायचा. आम्ही डबा बदलला. आता आधी मिस्त्रीच्या हाताशी दिवा लागायचा. त्यानं दुरुस्ती करून बटण दाबलं की मालकाला निरोप जायचा, मिस्त्रीनं बेअरिंग वाचवलं.

अहवालात मी 'चाचणी समाधानकारक' असं लिहिलं होतं, नाहीतर पुढचा हप्ता अडला असता. काकांनी ते खोडायला लावलं. "लिही, पोरगी परत आली. चूक माहेरची." मी जरा बऱ्या भाषेत तेच लिहिलं. महिनाभर जीव टांगणीला लागला, मग सहा महिने मुदतवाढ मिळाली.

नवा डबा बसवला त्याच महिन्यात, सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजा आली. तिकडे यंत्रांची पूजा त्या दिवशी होते. मिस्त्रीनं मोटरीला, पट्ट्याला, वजनकाट्याला, अगदी झाडूलाही टिळा लावला. आमच्या डब्याला लावला नाही. काका प्रसादाची बुंदी खात ते पाहत होते. "पाहुणी आहे अजून," एवढंच म्हणाले.

जानेवारीत डब्याचा दिवा लागला. मिस्त्रीनं स्वतःहून फोन केला. काकांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पेचकस माझ्या हातात दिला.

"तुले काय ऐकू येते?"

भात खाताना खडा दाताखाली यावा तसा बारीक आवाज येत होता. मी सांगितलं. काकांनी मान हलवली. मिस्त्रीनं जेवणाच्या सुट्टीत बेअरिंग बदललं, गिरणी एक दिवसही बंद पडली नाही.

परतताना बसमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूलाच बसले होते, तरी ते तीनदा "आं?" म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कधीपासून, काका?"

"दिवाळीपासून."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय करतो? डब्ब्याले ऐकू येते ना आता." आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

उन्हाळ्यात मालकानं तो डबा ठेवून घेतला आणि आणखी तीन मागवले, स्वतःच्या पैशानं, अनुदानाशिवाय. मी नाचायचीच बाकी होते. "काका, नववी पायरी!"

"लगीन लागलं," ते म्हणाले. "नांदली का, ते विश्वकर्मा पूजेले पाहू. सणाले समजते."

ऑगस्टमध्ये काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. पूजेला तीन आठवडे राहिले होते.

पूजेच्या दिवशी मी एकटीच गिरणीत गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं त्यांना आवडलं नसतं. उदबत्त्यांचा धूर होता, मोटरीला झेंडूची माळ होती. मी आधी वजनकाटा पाहिला, मग पट्टा, मग झाडू. डब्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

चारही डब्यांना टिळा लावला होता. शेंदूर, त्यावर तांदळाचे दाणे. दिवा झाकला जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं टिळा जरा बाजूला लावला होता.

मी डावीकडे वळले, काका चालायचे त्या बाजूला, आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "काका, नांदून राहिली."